दम

मराठीतल्या ‘दम’ या शब्दात दोन घराणी एकत्र नांदतात. संस्कृतातला ‘दम’ म्हणजे इंद्रियांना घातलेला आवर. शम-दम या जोडीतला. फारसीतला ‘दम’ म्हणजे श्वास. बोलीत येता येता दोन्ही एकमेकांत इतके मिसळले, की आता त्यांना वेगळे काढणे कठीण आहे. जिना चढताना दम लागतो, मधल्या वळणावर आपण दम खातो, संकटात दम धरतो, मुलांना दम देतो. आणि एखादे काम घाईने बिघडेल असे दिसले, की घरातले वडीलधारे म्हणतात, ‘जरा दमाने घे.’ पन्नाशीच्या आसपास शरीराचे जे काही होते ते समजून घ्यायला मला प्रयोगशाळेच्या अहवालांपेक्षा हा शब्द अधिक उपयोगी पडला आहे.

व्यायाम म्हटले की मराठी मनासमोर तालीम उभी राहते. तांबडी माती, शेंदूर लावलेला मारुती, जोर-बैठका आणि घामाने निथळणारा विशीतला पठ्ठ्या. प्रतिमा सुंदर आहे. पण तिच्यात बाई नाही आणि चाळिशीही नाही. चाळिशीनंतरच्या शरीराविषयी आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. आधी कौतुकाच्या: ‘आता कसं अंग धरलंय!’ आणि मग काही वर्षांनी एकदम तपासणीच्या कागदावरून, भीतीच्या: ‘साखर सीमेवर आहे, चालायला लागा.’ एक व्यायाम हौसेचा, दुसरा धास्तीचा. जबाबदाऱ्यांच्या ऐन मध्यावर उभ्या असलेल्या माणसाने स्वतःच्या गरजेसाठी, वेळ काढून करायच्या व्यायामाला आपल्या बोलण्यात नीटशी जागाच नाही.

अपवाद आहे, आणि तो आपल्याच मातीतला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८चा. पाश्चात्त्य मल्ल सँडो याच्या पद्धतीने त्यांनी सुमारे दहा वर्षे व्यायाम केला आणि १९०८च्या सुमारास, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढे त्यांनी नमस्कारांचा ध्यासच घेतला. संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, मराठीत पुस्तक लिहिले, १९३८मध्ये लंडनहून इंग्रजी पुस्तकही निघाले. आज आपण शाळेच्या कवायतीत जे नमस्कार घालतो त्यांच्या प्रसारामागे एका प्रौढ गृहस्थाची ही उत्तरायुष्यातली चिकाटी आहे. राजाला वेळ असतो, असा आक्षेप यावर कोणीही घेईल. मीही घेते. पण त्यांनी निवडलेल्या व्यायामाला सतरंजीएवढी जागा पुरते आणि साधन काहीच लागत नाही, हे मात्र प्रजेच्याही सोयीचे होते.

वेळेचा प्रश्न खरा आहे, आणि तो सगळ्यांना सारखा नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. आजारी माणसांची आणि मुलांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी. त्यामुळे ‘वेळ काढायला हवा’ हे वाक्य मला नेहमी अपुरे वाटते. वेळ काढायचा म्हणजे कोणाच्या तरी वाट्यातून काढायचा. तो कोणाच्या, हे ठरवल्याशिवाय व्यायामाचा कोणताही तक्ता भिंतीवर लावण्यात अर्थ नसतो.

याच मुद्द्याला जोडून एक युक्तिवाद हमखास येतो. दिवसभर पायाला भिंगरी असते, ओट्यापाशी उभे राहून कंबर मोडते, मग बाईला वेगळा व्यायाम कशाला? ऐकायला तो सहानुभूतीचा वाटतो, पण त्यात दमणे आणि दमवणे यांची गल्लत आहे. घरकामाने आणि कचेरीच्या प्रवासाने आपण दमतो; पण त्या श्रमात हृदयाला बराच वेळ चढा ठेका धरावा लागतो असे क्वचितच घडते, आणि स्नायूंवरचा भार वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. स्नायू टिकतो तो त्याच्याकडून सवयीपेक्षा थोडे अधिक मागितले तर. कुकर उचलण्याची सवय असलेला हात कुकर उचलण्यापुरताच राहतो. तिशीनंतर शरीरातला स्नायू हळूहळू उतरू लागतो, आणि रजोनिवृत्तीच्या आसपास स्त्रियांच्या हाडांची झीजही वेग घेते. म्हणजे थकवा भरपूर आणि ताकद उणी, अशी एक विचित्र श्रीमंती आपल्या वाट्याला येते.

मी एकोणपन्नास वर्षांची आहे. हे सारे मला वाचनातून ठाऊक होते. पण ते अंगाशी आले सासूबाईंच्या निमित्ताने. दोन वर्षांपूर्वी, ब्याऐंशीव्या वर्षी, त्या न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडल्या आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. घरी आल्यावर त्यांना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवणे, खुर्चीतून वॉकरपर्यंत उभे करणे हे काम दिवसातून आठ-दहा वेळा करावे लागे. दिवसा मदतीला बाई होती. सकाळ-संध्याकाळ आणि रात्र माझी आणि नवऱ्याची. पहिल्याच आठवड्यात त्यांना उठवताना माझे पाय लटपटले. त्यांना ते माझ्या हातांतून कळले असावे. त्या म्हणाल्या, ‘अगं, मी पडले तर तुला घेऊन पडेन. दोघी अंथरुणाला खिळलो तर या घराचं कसं व्हायचं?’

त्यांना व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. माणसाला कसे उठवायचे ते तिने मला दाखवले. आधी त्यांना पलंगाच्या कडेशी आणून दोन्ही पावले जमिनीवर टेकवायची, आपण कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकायचे, त्यांच्या कमरेचा पट्टा धरून त्यांना जवळ घ्यायचे, उठताना कंबर पिळायची नाही, जोर मांड्यांतून लावायचा. मग तिने मलाच खुर्चीत बसवले. ‘काकू, हात छातीशी धरा आणि आधार न घेता दहा वेळा उठून दाखवा.’ सातव्या वेळी माझे हात आपोआप गुडघ्यांवर गेले. ती सहज म्हणाली, ‘रुग्ण दोन आहेत वाटतं.’ त्या वाक्यात टोमणा नव्हता, निदान होते.

मग प्रश्न उरला तो असा की, या वयात सुरू करून काही साधते का? याचे मला पटलेले उत्तर अमेरिकेतल्या डॅलस येथील एका जुन्या प्रयोगात आहे. १९६६मध्ये तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे केवळ पलंगावर झोपवून ठेवले आणि त्याआधी व नंतर त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपल्या भाषेत त्यांचा दम, मोजला. तीस वर्षांनी, १९९६मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे होते. सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेले होते. तरीही तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांचा दम जितका घटला होता, त्याहून अधिक तो विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या लोळण्याने घटला होता. पुढे त्यांना सहा महिने चालणे, हळू धावणे, सायकल असा बेताने वाढवत नेलेला व्यायाम दिला, आणि वयाने नेलेला दम सरासरीने जवळजवळ पूर्ण परत आला. पाच माणसांचा प्रयोग म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. पण वय आणि बैठक या दोन गोष्टी आपण एकाच खात्यावर मांडतो, आणि दोष मात्र सारा वयाला देतो, हे त्याने स्वच्छ दाखवले.

त्या पाच जणांना आठवड्याचे साडेचार-पाच तास द्यावे लागले होते. तेवढे माझ्याकडे नव्हते आणि नाहीत. पण २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशींत एक छोटा पण महत्त्वाचा बदल केला. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची आणि दोन दिवस स्नायूंच्या बळकटीसाठी, हे तसेच राहिले. एका वेळी किमान दहा मिनिटे सलग श्रम व्हायलाच हवेत ही जुनी अट मात्र काढून टाकली. तुकडे चालतात. गृहिणीचा आणि नोकरदाराचा दिवस तुकड्यांचाच असल्यामुळे ही सवलत माझ्या दृष्टीने मोठी होती.

डॉक्टरांकडून रक्तदाब वगैरे तपासून घेतला आणि तुकडे ठरवले. बसमधून दोन थांबे आधी उतरून भरभर चालायचे: बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेगाने. तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जिन्यानेच जायचे. आणि सकाळी पावणेसहा ते सहा-पाच अशी वीस मिनिटे खोलीत खुर्चीवरच्या उठाबशा, भिंतीला टेकून जोर, दोन पिशव्यांत प्रत्येकी तीन किलो तांदूळ घेऊन उचलणे, आणि शेवटी सावकाश चार सूर्यनमस्कार. महिन्याने पिशवीत अर्धा किलो तांदूळ वाढवायचा, दोन नमस्कार वाढवायचे. इतकेच.

अवघड होती ती वीस मिनिटे. तेव्हाच दूध तापवायचे असते, चहा असतो, मुलीचा डबा असतो, सासूबाईंना उठवायचे असते. नवऱ्याशी बोलून त्यातले दूध, चहा आणि डबा मी त्याच्याकडे सोपवला. पहिले चार दिवस दूध उतू गेले. पाचव्या दिवसापासून गेले नाही. ‘वेळ काढणे’ म्हणजे काय ते मला त्या ओट्यावरच्या दुधात दिसले. माझी वीस मिनिटे कुठल्या अदृश्य फटीतून आली नाहीत. ती कोणीतरी दिली आणि मी ती संकोच न करता घेतली. शरीर कमावण्याआधी हे घेणे कमवावे लागते.

सासूबाईंनी तर या कार्यक्रमात आपली नेमणूक स्वतःच करून घेतली. पलंगाच्या कडेशी बसून त्या पाय सरळ करण्याचा आपला व्यायाम करतात आणि माझ्या उठाबशा मोजतात. ‘आठ’ हा आकडा त्या बऱ्याचदा दोनदा म्हणतात. का, म्हणून विचारले तर उत्तर येते, ‘पहिल्या आठला तू नीट बसली नव्हतीस.’ आयुष्यभर घरातल्या सगळ्यांचे दम सांभाळलेल्या बाईला आता दुसऱ्याचा दम मोजण्याचा अधिकार मिळाला आहे, आणि तो त्या कडकपणे बजावतात.

आता दीड वर्ष झाले. वजन तीन किलोंनी उतरले आहे. ओळखीच्या बायका हा आकडा ऐकून निराश होतात. पण वजनकाटा आपल्याविषयी फारसे खरे बोलत नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय देह सडसडीत दिसूनही आत मेद साठवून असतो, हे त्या एका चित्राने सांगितले. तेव्हा काट्यावरच्या किलोंपेक्षा पिशवीतले किलो मला अधिक विश्वासाचे वाटतात. ते आता प्रत्येकी आठ आहेत. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी न थांबता येते. खुर्चीतून आधाराशिवाय वीस वेळा उठते, सासूबाईंचा दुसरा ‘आठ’ न धरता.

यात तारुण्य परत मिळवण्याचा भाग नाही. डॅलसच्या त्या पाच जणांनाही विशीत सराव करून गाठलेली कमाल पातळी पन्नाशीत पुन्हा गाठता आली नव्हती. तो हिशेब मिटला. मधल्या वयाचे शरीर मिरवण्यासाठी नसून धरण्यासाठी आहे: एका बाजूला म्हातारपण, दुसऱ्या बाजूला अजून पायावर उभे न राहिलेले मूल, आणि मध्ये आपण. या धरण्याला दम लागतो, दोन्ही घराण्यांतला: श्वासाचा आणि आवराचा.

सासूबाई आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात. पलंगावरून उठताना त्यांचे पायही जोर लावतात, त्यामुळे मला पूर्वीइतके उचलावे लागत नाही. उठवणाऱ्याची अर्धी ताकद उठणाऱ्याच्या मांड्यांत असते, हे त्यांच्यामुळे कळले. तीसेक वर्षांनी मलाही कोणीतरी असेच पलंगाच्या कडेशी आणून उठवेल. कोण, ते आज सांगता येत नाही. पण जे कोणी असेल त्याला माझा सगळा भार उचलावा लागू नये, एवढ्यासाठी उद्या सकाळी पावणेसहाला मी खोलीचे दार लावून घेईन.