गरज नसतानाचा लॉकर

पावसाळा तोंडावर आला की गॅरेजात येणाऱ्या फोर बाय फोरवाल्यांची मागणी ठरलेली असते: लॉकर टाकून द्या. गाडी कुठेतरी चिखलात रुतलेली असते, एक चाक गरगर फिरलेलं, दुसरं ढिम्म उभं, आणि त्याचा राग अजून ताजा असतो. मी हो म्हणण्याआधी विचारतो, ही गाडी एरवी कुठे चालते आणि कोण चालवतं? लॉकर म्हणजे एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा भाग. चिखलात बहुतेक सगळे लॉकर उपयोगी पडतात. त्यांच्यातला फरक कळतो तो गरज नसताना, भर पावसात ओल्या डांबरावरून घाट उतरताना.

आधी त्या ढिम्म चाकाचं. सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला गेली, असं लोक म्हणतात. तसं होत नाही. साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क देतो. हवेत लटकलेल्या चाकाला फिरायला समजा २० न्यूटन-मीटर पुरतात, तर जमिनीवरच्या चाकालाही तेवढेच मिळणार, आणि तेवढ्यावर गाडी जागची हलत नाही. सह्याद्रीतल्या जीपच्या वाटांवर पाण्याने तिरके चर पाडलेले असतात. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम उचललं गेलं, की जिप्सी फोर बाय फोरमध्ये असूनही तिथेच राहते.

अशा वेळी क्लचप्लेटवाली लिमिटेड स्लिप डिफ थोडी मदत करते, पण प्लेटा झिजतात, आणि तेलही तिला चालेल असंच लागतं. गिअरवर चालणारा टॉर्सन डिफरन्शियल मला यंत्र म्हणून फार आवडतो. कमी पकड असलेल्या चाकाच्या काही पट, समजा तिप्पट, टॉर्क तो दुसऱ्या चाकाला देतो. वळणावर तर तो आहे हे जाणवतही नाही. मात्र चाक पूर्ण हवेत गेलं की शून्याची तिप्पट शून्यच. तेव्हा ब्रेकवर हलका पाय ठेवून त्या चाकाला खोटं ओझं द्यावं लागतं. हे ज्याच्या अंगवळणी पडलंय त्याला टॉर्सन पुरतो.

थारमध्ये आलेला ईटनचा मेकॅनिकल लॉकर वेगळ्या स्वभावाचा आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, खिट्टी अडकते, कॅम चढतो आणि दोन्ही चाकं एक होतात. गाडीने ताशी तीसेक किलोमीटरचा वेग ओलांडला की तो लागतच नाही. बटण नाही, विसरण्यासारखं काही नाही. घरातले तिघे-चौघे चालवत असलेल्या गाडीसाठी याहून शहाणी गोष्ट माझ्या पाहण्यात नाही. फक्त तो लागण्याआधी चाक फिरू द्यावं लागतं, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत तेवढ्यात चाक स्वतःसाठी खड्डा खणतं. जिम्नीसारख्या गाड्या घसरणाऱ्या चाकाला आपणहून ब्रेक लावतात. त्यानेही बऱ्याच जणांचं काम भागतं. लांबलचक चिखलात मात्र ब्रेक तापतात.

डेट्रॉइट लॉकरसारखे स्वयंचलित लॉकर मी घाटात राहणाऱ्यांच्या गाडीत बसवायला नकार देतो. असा लॉकर एरवी लॉकच असतो आणि वळणावर सुटतो. सुटताना-लागताना खटका बसतो, ओल्या वळणावर गाडीची शेपूट हलते. आडव्या उतारावर तर प्रकरण जिवावर येऊ शकतं. ओपन डिफमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं थांबून माती धरून ठेवतं. लॉक असताना दोन्ही एकदम घसरतात, कडेला धरायला कुणीच उरत नाही, आणि मागची बाजू दरीच्या अंगाला सरकते. शेवाळलेल्या जांभ्यावर याला क्षणभरही लागत नाही. म्हणून हाताने लावायचा-काढायचा लॉकर मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. गुरखा गाडीत तो कंपनीकडूनच पुढे-मागे दोन्हीकडे येतो. हवेवर चालणाऱ्या एआरबी लॉकरमध्ये काम वाढतं: कॉम्प्रेसर, नळी, सील. सोलेनॉइडच्या तोंडाशी तेलाचा ओशटपणा दिसला, तर आतलं सील गेलं म्हणून समजावं.

बसवणंही तितकंच महत्त्वाचं. डिफरन्शियलमधल्या क्राऊन गिअरच्या दातांना रंग लावून पिनियन फिरवला, की दात कुठे टेकतात त्याचा ठसा उमटतो. तो दाताच्या मधोमध येईपर्यंत शिम काढायची, घालायची, पुन्हा डायल गेज लावायचा. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी जागा, बऱ्याच एक्सलना ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास लागतो. या कामाला अख्खा दिवस गेला तरी मी घाई करत नाही. इथली चूक पुढे घूं-घूं आवाज होऊन महामार्गावर बोलते.

पुढच्या एक्सललाही लॉकर हवा, असा आग्रह बरेच जण धरतात. तो लावला की स्टिअरिंग जड होतं, गाडी सरळच ओढत राहते, आणि चाक पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला तर अख्खा टॉर्क एकाच सीव्ही जॉइंटवर येऊ शकतो. म्हणून मी आधी टायरमधली हवा कमी करून चालवून बघायला सांगतो, मग मागे एक लॉकर बसवतो आणि पुढचा पुढच्या पावसाळ्यावर ठेवतो. बहुतेक जण त्यासाठी परत येत नाहीत. येतात त्यांना नेमकी कुठल्या वळणावर, कुठल्या दगडावर अडचण आली ते सांगता येतं, आणि त्यांना मी लगेच तारीख देतो.