गिधाडांच्या गावाला

मुलांनो, तुम्ही गिधाड पाहिलंय? चित्रातलं नव्हे हं! खरंखुरं, डोक्यावर घिरट्या घालणारं? मी आमच्या चौथीच्या वर्गात हे विचारलं, तेव्हा एकही हात वर झाला नाही. आणि खरं सांगू? तेव्हा माझाही हात वर झाला नसता. आजोबा सांगायचे, गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की बघता बघता गिधाडांची पंगत बसायची. पण मला कळू लागलं तोवर ती पंगत उठून गेली होती.

मी आयुष्यातलं पहिलं गिधाड पाहिलं ते थेट स्पेन देशात! मे महिन्याच्या सुट्टीत मी ताईकडे माद्रिदला गेले होते. एके दिवशी पहाटेच भावोजींनी गाडी काढली. मी, ताई आणि दहा वर्षांची भाची. तीनेक तासांनी आम्ही एक्स्त्रेमादुरा प्रांतात पोहोचलो. तिथे आहे मोनफ्राग्वेचं जंगल. २००७ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं.

जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीतली गर्द झाडी येते. हे तसं नाही. भूमध्य सागराच्या हवेत पाऊस पडतो हिवाळ्यात, आणि उन्हाळा अगदी कोरडा. म्हणून झाडांची पानं लहान, जाड, चिवट. डोंगरउतारावर पांढऱ्या फुलांची झुडपं पसरलेली. पानांना हात लावला की बोटं चिकट होतात. मधूनमधून बुचाचे ओक वृक्ष. आपल्याकडे पांढऱ्या सुवासिक फुलांचं बुचाचं झाड असतं ना, ते वेगळं बरं का! बाटलीला लावायचं खरं बूच या ओकच्या सालीपासून बनतं. साल सुमारे नऊ वर्षांनी एकदाच काढतात. झाड मरत नाही, पुन्हा नवी साल धरतं.

गाडीतून उतरलो आणि ‘ऊप ऊप ऊप’ असा आवाज आला. पाहते तर काय, आपला हुदहुद! तोच तुरा, तेच काळे-पांढरे पट्टे. परक्या गावात शेजारी भेटावा तसं वाटलं. तारेवर वेड्या राघूचा थोरला चुलतभाऊ बसला होता. पिवळा गळा, तपकिरी पाठ, निळसर पोट. हा हिवाळा आफ्रिकेत काढतो आणि वसंतात इकडे येतो. एवढ्यात काळ्या टोपीच्या, निळ्या शेपटीच्या पक्ष्यांचा थवा कलकलाट करत गेला. ही इबेरियन मॅगपाय. तिचे जवळचे नातलग थेट चीन-जपानकडे! म्हणून लोकांना वाटायचं, जुन्या खलाशांनी ती तिकडून आणली असेल. पण जिब्राल्टरच्या गुहेत हजारो वर्षांपूर्वीची तिची हाडं सापडली आणि ती मूळची इथलीच ठरली.

आता मुख्य ठिकाण. ताहो नदीच्या पलीकडे एक उंच कडा आहे, पेन्या फाल्कोन. म्हणजे ससाण्याचा कडा. दगड ऊन्हात तापले, तशी गरम हवा वर जाऊ लागली. मग कड्यावरून एक गिधाड उडालं, मग दुसरं, मग दहा, वीस! पंख न हलवता ती गोल गोल वर चढत होती. ग्रिफन गिधाडाचे पसरलेले पंख अडीच मीटरच्या आसपास भरतात. तुमच्या वर्गात फूटपट्टीने मोजून बघा बरं! त्याहून मोठं असतं काळं गिधाड. ते कड्यावर नाही, झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधतं.

दुपारी आम्ही टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यावर चढलो. तिथे गिधाडं आमच्या डोळ्यांसमोरून जात होती. एक तर इतकं जवळून गेलं, की पंखांतून वाऱ्याची सूंऽऽ ऐकू आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

भाची म्हणाली, “मावशी, रडतेस काय? तुमच्याकडे गिधाडं नाहीत का?”

मग तिला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. आपल्याकडे गिधाडं लाखोंनी होती. पण १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक उरलं. कारण? डायक्लोफिनॅक. आजारी गुरांना देण्याचं वेदनाशामक औषध. असं गुरू मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. २००४ साली शास्त्रज्ञांनी हे शोधून काढलं. २००६ साली भारताने गुरांसाठी ते औषध बंद केलं. मेलॉक्सिकॅम नावाचं दुसरं औषध आहे, त्याने गिधाडांना धोका होत नाही.

“मग इथे ते औषध नाहीच ना?” भाचीने विचारलं.

आहे, मुलांनो! आपल्याकडे एवढं घडूनही स्पेनने २०१३ साली त्याला परवानगी दिली. आणि २०२१ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की तिथलं काळ्या गिधाडाचं एक पिल्लू त्याच औषधाने मेलं. भाची गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “मी शाळेत सांगेन सगळ्यांना.”

सूर्य मावळायला तिथे रात्रीचे साडेनऊ वाजतात. परतताना कड्यावर गिधाडं ओळीने बसलेली दिसली. वाटलं, आजोबांनी पाहिलेली पंगत ती हीच.

आपल्याकडची पंगत अगदीच उठलेली नाही हं. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात लोकांनी जिवापाड जपल्यामुळे गिधाडं घरटी करतात. तुमच्या घरी गुरं आहेत? मग डॉक्टर आले की जरूर विचारा, “काका, हे इंजेक्शन कुठलं?” पुढच्या वर्षी मी वर्गात पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे. एक तरी हात वर व्हायला हवा!