नऊ गॅलनचं पिंप

बिअर महोत्सवाला जाऊन आले असं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं. म्हणून आधीच सांगते: मी बिअर पीत नाही. तरीही ऑगस्टमधला एक शनिवार-रविवार मी नॉरफोकमधल्या एका शेतावर, बिअरच्याच तंबूत उभी होते.

कारण यीस्ट. नॉर्विचमध्ये यीस्टचा राष्ट्रीय संग्रह आहे. ४००० हून अधिक वाण, आणि बऱ्याच ब्रुअरी आपापलं यीस्ट तिथे ठेवीसारखं ठेवतात. मी पीएचडीपासून यीस्टवरच काम करते. लॅबमधला एक सहकारी या महोत्सवात दरवर्षी स्वयंसेवक असतो, त्याला यंदा माणूस कमी पडला. ‘तुला निदान पिंपात काय चाललंय ते तरी कळेल,’ म्हणाला.

शेत म्हणजे खरंच शेत. बार्ली नुकतीच कापलेली, धसकटं सँडलमधून टोचत होती. ट्रेलरचा रंगमंच, पेंढ्याच्या गठ्ठ्यांची बाकं, आजी-आजोबा, नातवंडं, कुत्री. फिडल आणि अ‍ॅकॉर्डियनची गाणी मला खरं तर सगळी सारखीच वाटली.

तंबूत मात्र मी रमले. कास्क एल ही पिंपात भरल्यावरही आंबत राहणारी बिअर, यीस्ट आत जिवंत असतं. पिंप एकदा मांडलं की हलवायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा. बिअर नितळ व्हावी म्हणून पुष्कळदा त्यात आयसिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ (शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं). फर्किन हे छोटं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट. एकदा उघडलं, हवा लागली, की तीनेक दिवसांत चव जाते. म्हणून रविवार संध्याकाळची घाई.

आता जे लॅबमध्ये कुणाला सांगितलेलं नाही ते. पीएचडीच्या पहिल्या आठवड्यात इनक्युबेटरचं दार उघडलं आणि तो वास मला लगेच ओळखू आला. बाबा रात्री घरी आले की त्यांच्या शर्टाला यायचा, त्याच्या अगदी जवळचा. मुलाखतीत ‘यीस्टच का?’ विचारलं की मी जनुकांबद्दल बोलते.

इथे लोक अर्धा पाइंट घेत होते, प्रकाशात धरून बघत होते, माल्टवरून वाद घालत होते. दारू घेऊन नुसत्या गप्पा मारणारी माणसं मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिली, तिशी उलटल्यावर. मला त्यांचा थोडा रागही आला. इतकं सोपं असतं हे?

सगळ्यांना नसतं. शनिवारी रात्री एक गृहस्थ गठ्ठ्यावरून उठेनात. बारा-तेरा वर्षांची मुलगी त्यांचा कोट हातात घेऊन शेजारी उभी होती, रंगमंचाकडे बघत असल्यासारखं दाखवत. मी पाणी नेऊन दिलं. ‘ही’ज जस्ट टायर्ड,’ ती म्हणाली. आमच्याकडे ‘बाबांना बरं नाहीये’ म्हणायचे, मीच.

रविवारी पिंपं रिकामी करताना आईचा फोन आला. मागे गाणं चालू होतं. ‘शेतावर कार्यक्रम आहे’ एवढंच सांगणार होते, पण सगळंच सांगितलं, बिअरसकट. बराच वेळ ती काही बोलली नाही.

‘बायकाही असतात?’

‘असतात. पोरंसोरंही.’

‘आणि मग घरी कोण नेतं गं त्यांना?’

म्हटलं, ज्याने घेतलेली नसते तो गाडी चालवतो.

‘म्हणजे मी,’ आई म्हणाली, आणि जेवलीस का विचारलं.