गाडीचा पिकअप आणि कार्ले फाटा

“गाडीला पिकअप राहिला नाही” ही तक्रार आपल्याकडे दर दुसरा गाडीवाला करतो. पूर्वी तिला उत्तरही ठरलेलं होतं. पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत तारेची एक केबल असायची. पाय दाबला की केबल ओढली जायची, आतली पाकळी उघडायची, हवा-पेट्रोल आत शिरायचं आणि गाडी उचलायची. पिकअप गेला तर केबल ढिली, जेट तुंबलेला, नाहीतर टायमिंग हललेलं. माझे अब्बा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका गॅरेजात मिस्त्री होते. खंडाळ्याचा घाट चढून दमलेल्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या. बॉनेट उघडून ते कान देऊन ऐकायचे, पेचकस अर्धा फेरा फिरवायचे आणि म्हणायचे, “जाव, अब चलेगी.”

आताच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत ती केबलच नाही. पेडलच्या मुळाशी सेन्सर असतो. पाय किती दाबला हे तो विजेच्या दाबाच्या भाषेत गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळवतो. ईसीयू विचार करतो आणि थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या मोटरला सांगतो, पाकळी इतकी उघड. म्हणजे पाय आता हुकूम देत नाही, अर्ज करतो.

या अर्जावरूनच गेल्या उन्हाळ्यात माझा आणि भाच्याचा वाद झाला. आपाचं घर कार्ल्यात आहे. तिचे गुडघे दुखतात, म्हणून आठवड्यातून दोनदा तिला लोणावळ्याला व्यायामासाठी न्यावं लागतं. कार्ले फाट्यावर लोणावळ्याकडे जायचं तर उजवीकडे वळायचं, म्हणजे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या समोरून रस्ता ओलांडायचा. रविवारी एकवीरेला जाणाऱ्यांची आणि लेणी बघायला येणाऱ्यांची गर्दी असते, इतर दिवशी ट्रक-टेम्पो सुसाट असतात. भाच्याने जुनी पेट्रोल गाडी घेतली होती. तो म्हणाला, “मामू, ये गाडी पहले सोचती, फिर भागती. उतने में ट्रक सिर पे आ जाता.” मागच्या सीटवर त्याची अम्मी बसलेली असते, तेव्हा हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

त्याने उपायही शोधून ठेवला होता. पेडल आणि ईसीयू यांच्या मधल्या वायरीत बसवायची एक डबी मिळते. बसवली की गाडी लगेच उसळते, असं मित्रांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, बसवण्याआधी ती करते काय ते बघू.

ती डबी इंजिनाला एक थेंबही ताकद देत नाही. पाय तीस टक्के दाबला तर ती ईसीयूला पन्नास टक्के दाबल्याचं सांगते, एवढंच तिचं काम. पाय पूर्ण दाबला तर डबी असो-नसो, गाडी तेवढीच पळते. उलट गर्दीत, हळू चालवताना, पाय जरा हलला तरी गाडी हिसका मारते. एकवीरेच्या पायथ्याच्या चढावर पुढच्या गाडीच्या मागे हातभर अंतरावर उभं असताना असा हिसका कुणाला हवा आहे? शिवाय पेडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर असतात. दोघांचं म्हणणं जुळतं का, हे ईसीयू सतत तपासतो. जुळलं नाही तर तो ताकद कमी करतो आणि गाडी कशीबशी घरापर्यंत जाईल इतपतच चालू देतो. माणसाच्या जिवाशी गाठ असलेली ही साक्ष आहे, म्हणून दोन साक्षीदार. त्या दोघांच्या मधे डबी बसवणं मला पटत नव्हतं. गाडीची वॉरंटी असेल तर तिच्यावरही पाणी सोडावं लागू शकतं.

मग आम्ही उस्तादांकडे गेलो. अब्बांच्या हाताखाली शिकलेले, आता साठीला टेकलेले. त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. पडद्यावर दोन आकडे शेजारी शेजारी दिसायला लागले, पेडल किती आणि थ्रॉटल किती. भाच्याने पेडल तीस टक्के दाबलं, थ्रॉटल पंधराच्या आसपास उघडला. भाचा म्हणाला, “देखो, आधाच खुला.” उस्ताद हसले. हा बिघाड नव्हे, कंपनीने तसंच ठरवलेलं असतं. सुरुवातीला पाकळी हळूहळू उघडते, म्हणजे नवशिक्याच्या पायानेही गाडी उडी मारत नाही आणि पेट्रोल वाचतं. पाकळी एकदम उघडली तर हवा-पेट्रोलचं प्रमाण क्षणभर बिघडतं आणि धूर वाढतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाल्यावर तर असा क्षणही महागात पडतो.

पण सगळाच उशीर ठरवलेला नव्हता. उस्तादांनी हवेचा पाइप काढून थ्रॉटल बॉडी दाखवली. पाकळीच्या कडेला काळा, चिकट थर बसला होता. इंजिनातून परत येणारी तेलाची वाफ तिथे जमते. त्यामुळे हवेची वाट अरुंद होते आणि पाकळी बंद अवस्थेतून सुटताना अडखळते. उस्तादांनी किल्ली काढून घेतली, थ्रॉटलसाठीचाच क्लीनर कापडावर मारून थर पुसला. भाचा बोटाने पाकळी ढकलायला गेला तेव्हा त्याचा हात धरला. केबलच्या काळात ते चालायचं. आता पाकळीमागे मोटर आणि छोटी दातेरी चाकं असतात, ती मोडतात. सफाईनंतर आयडलिंग वर-खाली होतं, कारण ईसीयूला जुन्या घाणीची सवय झालेली असते. स्कॅनरने त्याला नवी शिकवणी दिली. एअर फिल्टर झटकून भागेना, तो बदलला. टायरची हवा कमी होती, ती भरली.

फरक पडला. गाडी उठल्याबरोबर अडखळायची, ते थांबलं. पण थोडा उशीर उरला आणि तो उरणारच होता. मावळात हवा मुंबईपेक्षा विरळ आहे, हेही त्यात आलं. लोणावळा-कार्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाला इथे पाच-सहा टक्के हवा कमी मिळते, म्हणून ताकदही तेवढी कमी. ते कुठल्याही डबीने भरून निघत नाही.

परतताना भाच्याने विचारलं, केबल नाही तर पेडलला स्प्रिंगचा जोर कशाला लागतो? सेन्सरला तर काडीनेही दाबता येईल. प्रश्न चांगला होता. तो जोर मुद्दाम घातलेला असतो. पेडल परत वर यावं हे एक कारण, आणि आपल्या पायाला केबलची सवय आहे हे दुसरं. मी त्याला समोरच्या डोंगरातलं चैत्यगृह आठवायला सांगितलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अख्खं दगडात कोरलेलं, आणि तरी छताला लाकडाच्या कमानी लावलेल्या. छताचा भार त्यांच्यावर नाही, छत म्हणजे डोंगरच आहे. आधीच्या इमारती लाकडाच्या होत्या आणि डोळ्यांना तसंच छत ओळखीचं होतं. पेडलमधला जोरही तसाच, आपल्या ओळखीचा म्हणून ठेवलेला. पण त्या जोरामुळे आपल्याला वाटत राहतं की इंजिन थेट आपल्या पायाला बांधलंय, आणि फाट्यावर हाच समज दगा देतो.

म्हणून फाट्यावरची रीत बदलायला हवी होती. भाचा चालत्या गाडीत दुसऱ्या गिअरवर फाट्याशी यायचा आणि मोकळीक दिसली की पाय दाबायचा. दुसऱ्या गिअरला, कमी फेऱ्यांवर, कुठलंही छोटं इंजिन कण्हतं. आता तो पूर्ण थांबतो, पहिला टाकतो, वळण्याआधी थोडी रेस देऊन ठेवतो, आणि ट्रक आणखी लांब असेल तरच निघतो. ज्या गाड्यांत क्लच-गिअरही यंत्रच बदलतं, त्यांनी तर याहून मोठी मोकळीक धरावी.

उस्तादांची एक गोष्ट मनात राहिली. त्यांच्या टेबलावर एक वही आहे, स्कॅनरवर येणारे कोड आणि त्यांचे अर्थ त्यात लिहिलेले. अर्धी वही उर्दूत, अर्धी मराठीत. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी पोरं शाळा सोडून गॅरेजला लागतात. हात तयार होतो, कान तयार होतो, आणि मग समोर अशी गाडी येते जी आपलं दुखणं आवाजात नाही, आकड्यांत सांगते. तिथे नुसत्या कानावर विसंबलेला मिस्त्री मागे पडतो आणि गिऱ्हाईक डबी विकणाऱ्याकडे जातं. उस्तादांनी हाताखालच्या पोराला आयटीआयला घातलंय, मोटार मेकॅनिकच्या कोर्सला. सकाळी वर्ग, दुपारनंतर गॅरेज. पगार मात्र पूर्ण देतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, “तुम्हारे अब्बा ने मेरे को कान दिया. इसको पढ़ना भी आना चाहिए.”

डबी काही आली नाही. तिच्यासाठी बाजूला काढलेले पैसे आणि वर थोडे घालून भाच्याने पुढचे दोन टायर बदलले. ते गुळगुळीत झाले होते आणि मावळातला पाऊस तोंडावर आला होता.