सोमवारचा राजमा

न्यू ऑर्लिअन्स, रविवार

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. खोली मिड-सिटीत मिळाली. घर लाकडी, ‘शॉटगन’ पद्धतीचं: बोळ नाही, एकामागे एक खोल्या, सगळ्यात मागे स्वयंपाकघर. शहर खवय्यांचं खरं, पण तुझ्या नादाने दूध-तूपही सोडलेल्या माझी इथे पंचाईत आहे. पालेभाजीतसुद्धा डुकराचा तुकडा असतोच.

घरमालकीणबाई म्हणाल्या, “उद्या सोमवार, म्हणजे रेड बीन्स.” सोमवार हा इथला जुना धुण्याचा वार. रविवारच्या हॅमचं हाड आणि राजमा पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवायचा, की बायका दिवसभर धुण्याला मोकळ्या. धुण्याची यंत्रं आली तरी वार काही बदलला नाही. हॉटेलांतही सोमवारी हेच. जाझवाला लुई आर्मस्ट्राँग याच गावचा. तो पत्राखाली सही करताना या पदार्थाचं नाव घालायचा, इतका त्याचा जीव होता त्यावर. हैतीतल्या क्रांतीनंतर क्यूबात गेलेले नऊ हजारांवर निर्वासित 1809-10मध्ये इथे आले नि गावाची वस्ती जवळजवळ दुप्पट झाली. राजमा-भाताची आवड त्यांनीच आणली असं बरेच जण मानतात.

उद्या हाड न घालता करणार आहे. बाईंनी नुसत्या भुवया उंचावल्या.

न्यू ऑर्लिअन्स, सोमवार रात्र

ताई,

झाला, आणि पाऊण तासात! भिजवायला वेळ नव्हता म्हणून डब्यातला शिजलेला राजमा आणला. आधी भाताचं पाणी चढवलं. मग तेलात कांदा, हिरवी ढोबळी मिरची आणि सेलरी, तिन्ही बारीक चिरून. या तिघांना इथे ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. मोहरी नाही, हळद नाही, तडतड नाही. आपल्या हाताला फार चुकल्यासारखं होतं. पण घाई करायची नाही. कांदा काचेसारखा होऊन सेलरीचा कच्चा वास जाईपर्यंत परतायचं. मग ठेचलेला लसूण, थाइम, बे लीफ, थोडी लाल तिखट पूड आणि धुरावलेली पाप्रिका. हाडातून येणारा धुराचा वास तिच्यातून येतो. आपलं तमालपत्र बे लीफच्या जागी घालू नकोस, त्याचा वास दालचिनीकडे झुकतो.

राजमा डब्यातल्या पाण्यासकट ओतला. खरी मेख पुढे आहे: उकळी आली की डावाच्या पाठीने पातेल्याच्या कडेला थोडे दाणे चेचायचे. पिठूळ गर रसात उतरतो आणि रस डावाला धरून राहतो. हाडामुळे येतो म्हणतात तो दाटपणा माझ्या मते निम्म्याहून जास्त या चेचण्यातच आहे. मीठ शेवटी, चाखून. डब्यात आधीच असतं. ताटलीत भात, वर राजमा, त्यावर पातीचा कांदा आणि मिरची-व्हिनेगरचा झणझणीत सॉस. बाईंनी दोनदा वाढून घेतलं, पण “सॉसेज हवंच होतं,” हे ऐकवलंच.

तू कच्चा राजमा घेशील, तर रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दे आणि कुकरमध्येच शिजव. इथे मंद आचेची विजेची भांडी वापरतात, त्यांत कच्चा टाकू नये. राजम्यातलं लेक्टिन खळखळून उकळल्याशिवाय मरत नाही आणि अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेसुद्धा उलट्या करवतात.

लेक चार्ल्स, बुधवार

ताई,

सकाळच्या आगगाडीने पश्चिमेला निघालो. लाफायेत सोडल्यावर क्रॉलीच्या आसपास दोन्ही बाजूंना भाताची शेतं, सपाट, पाण्याने चकाकणारी. कोकणात खाचरात बेडूक सापडतात, इथे शेतकरी भात निघाल्यावर त्याच खाचरात क्रॉफिश नावाचे झिंग्यासारखे जीव वाढवतात. 1719मध्ये आफ्रिकेहून गुलामांना घेऊन जी पहिली जहाजं लुईझियानात आली, त्यांतून भाताचं बियाणंही आलं. पाण्यातली शेती त्या माणसांना ठाऊक होती; बंगले मात्र दुसऱ्यांचे उभे राहिले. बाईंच्या स्वयंपाकघरात हे कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

इथला भात लांब दाण्याचा, मोकळा. तू आंबेमोहोराचा घाट घालू नकोस. तो मऊ होतो आणि राजम्याच्या दाट रसात त्याचा लगदा होईल. कोलम चालेल. उरलेला राजमा दुसऱ्या दिवशी आणखी दाटला होता, तो पावाशी खाल्ला.

आईला सांग, रात्री कडधान्य खाऊनही पोट जागेवर आहे. ओव्याची पुरचुंडी अजून उघडलेली नाही.

तुझा,
बंडू