पिनांगमधील चार रात्री
गेल्या वैशाखांत पिनांग बेटावर, जॉर्ज टाउन शहरीं, आम्ही एका जुन्या घरांत उतरलों होतों. भिंतीला भिंत लागलेली घरांची ती ओळ. खालीं दुकान, वर बिऱ्हाड, पुढें वाटसरूंसाठीं मोकळी ठेवलेली पांच फुटी पडवी, आणि मधोमध उघडा चौक! त्यांत पाऊस कोसळूं लागला तेव्हां मातुश्रींना आपला पाडलेला वाडा आठवला.

डागडुजी उत्तम होती; न्हाणीघर तेवढें जिन्याखालीं कोंबलेलें. परंतु २००० सालीं येथील भाडेनियंत्रण उठलें व कित्येक बिऱ्हाडें हललीं. २००८ सालीं युनेस्कोच्या वारसायादींत नांव आल्यावर प्रवासी वाढले. आमच्या ओळींत राहतें घर एकच उरलें होतें. तेथील आजीबाई तिन्हीसांजा दाराशीं उदबत्ती लावीत.

“आपल्या खोलींत पूर्वीं कोण निजत असे?” मुलीनें विचारलें. व्यवस्थापकास तें ठाऊक नव्हतें.