नांव विकणें आणि नांव झांकणें

तिवशाहून कौंडिण्यपुरास जावें आणि वर्धेच्या कांठीं घटकाभर बसून रुक्मिणीच्या माहेराचें स्मरण करावें, हा आमचा जुना परिपाठ. परवां मात्र तेथें रुक्मिणीपेक्षां तिचें स्वयंवर गाणाऱ्या नरेंद्र कवीचीच आठवण अधिक झाली.

स्मृतिस्थळांत त्याची कथा आहे. नरेंद्रानें आपलें ‘रुक्मिणीस्वयंवर’ देवगिरीच्या रामदेवरावास ऐकविलें. राजा लुब्ध झाला. ओवीमागें सोन्याचें नाणें देऊं, ग्रंथ मात्र आमच्या नांवें करावा, अशी त्यानें इच्छा दर्शविली. नरेंद्रानें तें मानलें नाहीं. पुढें तो महानुभाव पंथास मिळाला. लेखकानें आपलें नांव कसें जपावें, ह्याचा हा आमच्या भाषेंतील वस्तुपाठच होय.

परंतु त्यापूर्वीं सुमारें दीडशें वर्षें इंग्लंडांत एका लेखकानें नेमकें उलट केलें. स्टीफन राजाच्या कारकीर्दीचा (११३५ ते ११५४) ‘गेस्टा स्टेफानी’ हा लॅटिन वृत्तांत त्यानें लिहिला. ग्रंथांत स्वतःचें नांव मात्र ठेविलें नाहीं. स्टीफन आणि त्याची मामेबहीण मटिल्डा ह्यांचें राज्यासाठीं युद्ध जुंपलें होतें. लेखक आरंभीं स्टीफनचा कैवारी. पण पुढें मटिल्डेचा मुलगा हेन्री हाच खरा वारस, असें तोच म्हणूं लागतो. हा ग्रंथ १६१९ सालीं प्रथम छापला गेला. त्याची मूळ पोथी नंतर हरवली. पुढें फ्रान्समधील व्हॅलेन्सिएन येथें दुसरी पोथी सांपडली, आणि तिच्यावरून ११५४ पर्यंतची हकीकत १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. कर्ता बाथचा बिशप रॉबर्ट असावा, असा एका पंडिताचा तर्क आहे. तो सर्वमान्य नाहीं.

पक्ष बदलणाऱ्या ह्या लेखकास आम्हीं प्रथम संधिसाधू म्हटलें होतें. पण संधिसाधू मनुष्य आपलें नांव पहिल्याच पानावर घालील! नव्या राजास आपली निष्ठा कळावी अशी ज्याची इच्छा, तो ग्रंथ निनांवी कशाला ठेवील? तेव्हां त्याचें मत पालटलें तें पाहिलेल्या अनर्थामुळें, असें आम्हांस आतां वाटतें. नरेंद्रानें नांव राखलें, ह्यानें तें झांकलें. राजाच्या थैलीकडे पाहून दोघांनींही लेखणी चालविली नाहीं.

हें लिहितांना आमचें मन आम्हांस खातें. तरुणपणीं एका धनिक गृहस्थाच्या पुस्तकास आम्हीं प्रस्तावना लिहून दिली. खालीं सही त्यांची पडली, आणि मोबदला आम्हीं निमूटपणें घेतला. त्या वेळीं घरांत अडचण होती, हें खरें. पण नरेंद्राच्या घरीं ती नसेलच, असें कोणीं सांगावें? नांव झांकण्यांत विनय असूं शकतो. आम्हीं तें झांकलें नव्हतें, विकलें होतें. ही गोष्ट आजवर आम्हीं घरींही सांगितली नव्हती.